‘फील गुड’ नेमकं कुणाला वाटत होतं?

हातात सत्ता, लोकप्रिय पंतप्रधान, वाढणारी अर्थव्यवस्था आणि टीव्हीवर दिवसरात्र वाजणारं झगमगीत कॅम्पेन. तरीही २००४ची लोकसभा निवडणूक भाजप हरला. ‘इंडिया शायनिंग’ का फसलं हे समजून घेतलं, तर आज आपल्या मोबाइलवर येऊन आदळणारा प्रचार वाचणं जरा सोपं जाईल.

कल्पना करा, सेमिस्टरचा निकाल लागलाय. तुम्हाला दोन विषयांत केटी लागलीय. मूड गेलाय. आणि तेवढ्यात कॉलेजच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स लागतो, ‘अभिनंदन! आमचे विद्यार्थी चमकताहेत!’ कॉलेजचा एकूण निकाल खरंच चांगला लागलेला असेल. टॉपर खरंच चमकले असतील. फ्लेक्सवरचा एकही शब्द खोटा नसेल. पण त्या फ्लेक्सखालून जाताना तुम्हाला काय वाटेल? आनंद तर नक्कीच नाही. उलट ‘यांच्या हिशोबात आपण आहोत की नाही?’ असाच प्रश्न पडेल.

२००४च्या उन्हाळ्यात देशातल्या कोट्यवधी मतदारांना हाच प्रश्न पडला होता.

तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा जन्मलेही नव्हते, बाकीचे रांगत असतील. पण जाहिरात, पब्लिक रिलेशन्स, पोलिटिकल सायन्स किंवा मार्केटिंग शिकत असाल, तर ‘इंडिया शायनिंग’ची केस स्टडी कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच. बहुतेक वेळा ती दोन ओळींत संपते : शहरं चमकली, खेडी अंधारात राहिली, म्हणून सरकार पडलं. ऐकायला छान आहे, पण ते अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे.

सगळं जमून आलं होतं

आधी त्या वेळचं वातावरण बघू. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते. त्यांचा वैयक्तिक आदर करणारे लोक विरोधी पक्षांतही होते. डिसेंबर २००३मध्ये परकीय चलनाचा साठा १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. जानेवारीत सेन्सेक्स ६,००० च्या वर गेला. सुवर्ण चतुष्कोनाचे चौपदरी रस्ते तयार होत होते, मोबाइलचे दर उतरत होते. पाकिस्तानशी बोलणी सुरू झाली होती. त्याच वसंतात आपली टीम पाकिस्तानात गेली. मुलतानला सेहवागने त्रिशतक ठोकलं. वनडे आणि टेस्ट, दोन्ही मालिका आपण जिंकून आलो. शेवटची टेस्ट संपली १६ एप्रिलला आणि मतदानाचा पहिला टप्पा होता २० एप्रिलला. एखाद्या प्रचारप्रमुखाला यापेक्षा आणखी काय हवं?

लोकसभेची मुदत खरं तर ऑक्टोबरपर्यंत होती. पण हवा आपल्या बाजूची आहे असं वाटल्यावर सरकारने थांबायचं नाही असं ठरवलं. ६ फेब्रुवारीला लोकसभा विसर्जित झाली.

‘इंडिया शायनिंग’ ही मुळात पक्षाची जाहिरात नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. अर्थमंत्री जसवंतसिंह यांच्या काळात, देशाची आर्थिक प्रतिमा उजळावी म्हणून काढलेली ती सरकारी मोहीम होती. ग्रे वर्ल्डवाइड या जाहिरात संस्थेने ती केली. डिसेंबर २००३ आणि जानेवारी २००४ या दोन महिन्यांत ती टीव्हीवर जवळपास साडेनऊ हजार वेळा दाखवली गेली. हसरे चेहरे, उजळ रंग, साडी नेसून क्रिकेट खेळणारी बाई आणि चमकण्यासाठी यापेक्षा चांगली वेळ कधी नव्हती, अशा अर्थाची ओळ. जाहिरात म्हणून बघितलं तर काम चोख होतं.

निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि सरकारी जाहिराती थांबल्या. पण तोवर पक्षाने तो सूर उचलला होता. ‘फील गुड फॅक्टर’ हा शब्द नेत्यांच्या भाषणात रोज येऊ लागला. लालकृष्ण अडवाणी यांची ‘भारत उदय यात्रा’ मार्चमध्ये कन्याकुमारीहून निघाली. प्रचाराची सूत्रं होती आपल्या मराठवाड्याच्या प्रमोद महाजन यांच्याकडे. एसएमएस, ईमेल, वाजपेयींच्या आवाजातले रेकॉर्ड केलेले फोन कॉल... आज आपल्याला ज्याचा कंटाळा आलाय, ते सगळं तेव्हा नवंकोरं होतं.

जिंकलेल्या निवडणुकीतून चुकीचा धडा

लवकर निवडणूक घ्यायचा आत्मविश्वास आला कुठून? तो डिसेंबर २००३च्या निकालांतून आला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड ही तीन राज्यं भाजपने काँग्रेसकडून खेचून घेतली होती. दिल्लीत मात्र काँग्रेसने सत्ता राखली होती. सगळ्यांचं लक्ष तीन विजयांकडे गेलं आणि मला वाटतं, सगळी गडबड इथेच झाली.

कारण ही राज्यं भाजपने जिंकली कशावर? मध्य प्रदेशात उमा भारती दिग्विजयसिंहांच्या विरोधात गावोगाव एकच पाढा म्हणत होत्या : बिजली, सडक, पानी. म्हणजे वीज नाही, रस्ते खड्ड्यांत आहेत, पाणी मिळत नाही. तो विजय लोकांच्या नाराजीचा होता. पक्षाने लोकांचं गाऱ्हाणं ओळखलं, तेच मोठ्याने बोलून दाखवलं आणि लोकांनी मत दिलं.

आणि अवघ्या दोन महिन्यांत त्याच पक्षाने त्या विजयाचा अर्थ काय लावला? लोक खूश आहेत!

डिसेंबरमध्ये ‘तुम्हाला त्रास होतोय ना?’ असं विचारणारा पक्ष फेब्रुवारीत ‘तुम्हाला छान वाटतंय ना?’ असं विचारू लागला. खरं म्हणजे विचारतही नव्हता, सांगत होता. मधल्या काळात ना सगळीकडे वीज आली होती, ना पाणी. बदलली होती ती फक्त बोलणाऱ्याची खुर्ची.

४० वरून ७२, म्हणजे ८० टक्के वाढ!

‘पण वाढ तर झाली होती ना?’ असं तुम्ही म्हणाल. झाली होती. ऑक्टोबर ते डिसेंबर २००३ या तिमाहीत अर्थव्यवस्था १०.४ टक्क्यांनी वाढली, असा आकडा ऐन प्रचारात जाहीर झाला. तो आकडा खोटा नव्हता. फक्त तो कसा वाचायचा हे कुणी सांगितलं नाही.

समजा, पहिल्या सेमला तुम्हाला ७० मार्क होते. दुसऱ्या सेमला डेंग्यू झाला, मिळाले ४०. तिसऱ्या सेमला ७२. आता दुसऱ्या सेमशी तुलना केली तर तुमची वाढ ८० टक्के! पहिल्याशी केली तर फक्त दोन मार्क.

देशाचं तसंच झालं होतं. २००२मध्ये पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. अन्नधान्याचं उत्पादन साधारण २१ कोटी टनांवरून साडेसतरा कोटी टनांवर आलं. २००३ला पाऊस चांगला झाला आणि शेती पुन्हा जागेवर आली. त्यामुळे वाढीचा आकडा डोळे दिपवणारा दिसला. पण दुष्काळात बैल विकलेल्या, सावकाराकडून पैसे उचललेल्या घरात एक चांगला हंगाम आला की चमक येत नाही, फार तर व्याज फिटतं. आणि आपल्याकडे माण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात तर २००३लाही दुष्काळच होता.

तेव्हा देशातले निम्म्याहून जास्त कामकरी हात शेतीत होते. नोकऱ्यांचं चित्रही फार उजळ नव्हतं. १९९९-२००० ते २००४-०५ या काळात बेरोजगारी वाढल्याचं सरकारच्याच नमुना पाहणीत पुढे दिसून आलं. आणि मोबाइल? मार्च २००४मध्ये देशात मोबाइलधारक होते साडेतीन कोटींच्या आत, मतदार होते ६७ कोटींच्या आसपास. म्हणजे एसएमएस जात होते, पण कुणाला? जे आधीच चमकत होते त्यांना.

एका साडीसाठी

१२ एप्रिल २००४. मतदानाला आठ दिवस उरलेले. लखनौ, म्हणजे खुद्द पंतप्रधानांचा मतदारसंघ. भाजपचे ज्येष्ठ नेते लालजी टंडन यांच्या वाढदिवसानिमित्त गरीब बायकांना साड्या वाटायचा कार्यक्रम होता. हजारो बायका आल्या. चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक महिलांचा जीव गेला.

वाजपेयी लखनौमधून नंतर सहज निवडून आले. त्यामुळे या घटनेने निकाल फिरवला, असं म्हणता येणार नाही. पण एकीकडे टीव्हीवर साडी नेसून क्रिकेट खेळणारी हसरी बाई आणि दुसरीकडे एका साध्या साडीसाठी गर्दीत चिरडलेल्या बायका, हे एकाच महिन्यातलं, एकाच देशातलं चित्र होतं. विरोधकांना वेगळं काही बोलायची गरजच उरली नाही.

समोरून आला एक साधा प्रश्न

काँग्रेसकडे तेव्हा काय होतं? केंद्रात सत्ता नव्हती. तीन राज्यं नुकतीच गेली होती. पंतप्रधानपदाचा जाहीर चेहराही नव्हता. त्यांनी नवीन स्वप्न विकलं नाही. त्यांनी फक्त समोरच्याची जाहिरात घेतली आणि तिला प्रश्नचिन्ह लावलं : ‘आम आदमी को क्या मिला?’

जाहिरातीच्या भाषेत बघा. ‘इंडिया शायनिंग’ या वाक्याचा कर्ता आहे देश. त्यात तुम्ही कुठेच नाही. ‘आम आदमी को क्या मिला?’ हे वाक्य ऐकलं की माणूस आपोआप स्वतःचा हिशोब मांडायला लागतो. नळ, विजेचं बिल, पोराची नोकरी, कापसाचा भाव. सरकारने कोट्यवधी रुपये ओतून जी घोषणा घराघरांत पोचवली, तिचं उत्तर विरोधकांनी पाच शब्दांत दिलं. जाहिरात जितक्या वेळा लागायची, तितक्या वेळा तो प्रश्न आठवायचा.

आणखी एक गोष्ट. ‘इंडिया शायनिंग’चं हिंदी केलं होतं ‘भारत उदय’. या दोन्हींचा अर्थ एक आहे का? उदय म्हणजे उगवणं. अजून दिवस चढायचाय, थोडं थांबा, असं त्यात येतं. शायनिंग म्हणजे लख्ख उजाडलंय! इंग्रजी वाचणाऱ्याला आणि हिंदी वाचणाऱ्याला पक्ष दोन वेगळ्या गोष्टी सांगत होता आणि लोकांच्या तोंडी राहिली ती इंग्रजी घोषणा. स्वतः अडवाणींनीही पुढे आपल्या आत्मचरित्रात ही घोषणा निवडणुकीसाठी योग्य नव्हती, असं मान्य केलं.

थांबा, एवढं सोपं नाही

आता त्या दोन ओळींच्या केस स्टडीकडे येऊ. ‘खेड्यांनी शहरांच्या चमकेला धडा शिकवला’ हे खरं असेल, तर शहरांत भाजप जिंकायला हवा होता. पण देशाची आर्थिक राजधानी मुंबईच बघा. सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या. उत्तर मुंबईत राम नाईक गोविंदाकडून हरले. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी हरले. राजधानी दिल्लीत सातपैकी सहा जागा काँग्रेसला गेल्या. जिथे सगळ्यात जास्त ‘शायनिंग’ असायला हवी होती, तिथेच असं झालं. कारण शहरातही फ्लायओव्हरच्या वरून जाणारे थोडे असतात आणि लोकलला लटकणारे, पाण्याच्या टँकरची वाट बघणारे जास्त.

आणि उलट टोक बघायचं तर विदर्भ. शेतकरी अडचणीत, कापसाचं अर्थकारण कोलमडलेलं. तिथे मात्र ११पैकी १० जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या! का? कारण राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं आणि राग त्या सरकारवर होता. मध्य प्रदेशात २९पैकी २५ आणि राजस्थानात २५पैकी २१ जागा भाजपला मिळाल्या, कारण तिथलं सरकार नवीन होतं, लोकांचा राग अजून साचला नव्हता.

आंध्र प्रदेशात याची दुसरी बाजू दिसली. चंद्राबाबू नायडू म्हणजे तेव्हाचे ‘हायटेक’ मुख्यमंत्री. हैदराबादची आयटी सिटी जगभर गाजत होती. पण राज्यात दुष्काळ होता, शेतकरी आत्महत्या करत होते. काँग्रेसचे वाय. एस. राजशेखर रेड्डी २००३च्या ऐन उन्हाळ्यात सुमारे दीड हजार किलोमीटर पायी फिरले आणि लोकांचं ऐकत राहिले. निकाल? विधानसभेत काँग्रेस १८५, तेलुगू देसम ४७. शपथ घेतल्यावर रेड्डींनी पहिली सही केली ती शेतकऱ्यांच्या मोफत विजेच्या फायलीवर.

यात एक समान धागा दिसतोय ना? मतदार दूरच्या घोषणेपेक्षा जवळचं सरकार बघून मत देत होता. आपल्या रोजच्या जगण्याशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध, त्याला जाब विचारत होता.

शिवाय राजकारणाचं गणितही होतं आणि ते विसरून चालणार नाही. तमिळनाडूत द्रमुकने भाजपची साथ सोडली आणि काँग्रेससोबत गेला. त्या आघाडीने तिथल्या ३९च्या ३९ जागा जिंकल्या. बिहारमध्ये रामविलास पासवान लालूप्रसादांसोबत गेले. म्हणजे एका बाजूला मित्र जोडणं चाललं होतं आणि दुसऱ्या बाजूला ‘आपण चमकतोय’ या भ्रमात मित्र निसटत होते. मला विचाराल तर हाही जाहिरातीचाच एक दुष्परिणाम. तिच्यावर मतदारांआधी जाहिरातदारानेच विश्वास ठेवला.

आकड्यांत २००४

मतदान : २० एप्रिल ते १० मे, चार टप्पे
मतमोजणी : १३ मे
भाजप : १३८ जागा (१९९९मध्ये १८२)
काँग्रेस : १४५ जागा (१९९९मध्ये ११४)
मतांचा वाटा : काँग्रेस २६.५ टक्के, भाजप २२.२ टक्के. १९९९च्या तुलनेत दोघांचाही वाटा घटला!
महाराष्ट्र (४८) : भाजप १३, शिवसेना १२, काँग्रेस १३, राष्ट्रवादी ९, रिपाइं (आठवले) १
विशेष : सर्व मतदारसंघांत ईव्हीएमवर झालेली ही पहिलीच लोकसभा निवडणूक

पुढे कोण काय शिकलं?

निकालानंतर प्रमोद महाजन यांनी प्रचाराच्या अपयशाची जबाबदारी स्वीकारली. नव्या सरकारने २००५मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. ज्याची पहिली रुजवात आपल्या महाराष्ट्रात झाली होती, तीच योजना देशभर गेली. ‘आम आदमी’ हा शब्द पुढची दहा वर्षं राजकारणातून हटलाच नाही.

पण गंमत बघा. २०१३मध्ये त्याच काँग्रेसच्या सरकारने ‘भारत निर्माण’ नावाने आपल्या कामांच्या जाहिरातींचा धडाका लावला. महागाईने लोक त्रासलेले आणि टीव्हीवर सगळं कसं छान झालंय याची गाणी. तीच चूक, फक्त पक्ष दुसरा. आणि भाजपने २००४मधून धडा घेतलाय असं २०१४मध्ये दिसलं. त्यांची नवी घोषणा होती ‘अच्छे दिन आने वाले हैं’. नीट वाचा. ‘आले आहेत’ नाही, ‘येणार आहेत’. म्हणजे आत्ताचे दिवस वाईट आहेत, हे आधी मान्य केलं. उमा भारतींचं ‘बिजली, सडक, पानी’ जिथून सुरू होत होतं, तिथूनच हीही घोषणा सुरू होत होती.

मग २०२४ आलं. ‘अब की बार, ४०० पार’. यात आकडा कुणाचा? पक्षाच्या आघाडीचा. मतदाराचा नाही. भाजप २४०वर थांबला आणि सरकारसाठी मित्रपक्षांची गरज लागली. निकालाची कारणं अनेक होती, एका घोषणेवर सगळं ढकलणं चूक. पण घोषणेत मतदार नसला की काय होतं, हे वीस वर्षांनी पुन्हा दिसलं.

मग आपण काय बघायचं?

आज कुठल्याच पक्षाला साडेनऊ हजार वेळा टीव्हीवर झळकायची गरज नाही. एक रील पुरते. आणि त्या रीलचं टार्गेट कोण, तर तुम्ही-आम्ही. पहिल्यांदा मत देणारे. म्हणून पुढच्या वेळी प्रचाराचा व्हिडिओ समोर आला, की स्क्रोल करण्याआधी चार प्रश्न विचारून बघा.

एक, या वाक्याचा काळ कोणता? झालं, होतंय, की होणार? ‘झालं’ असेल तर तुमच्या वॉर्डात, तुमच्या गावात झालं का, ते स्वतः बघता येतं.

दोन, यात कर्ता कोण आहे? देश, पक्ष, नेता, की तुम्ही?

तीन, टक्केवारी दिली असेल तर ती कशाच्या तुलनेत? ४० वरून ७२ आठवा.

चार, जाहिरातीचे पैसे कुणाचे? पक्षाचे की सरकारचे, म्हणजे आपलेच?

हे प्रश्न आपल्या आवडत्या पक्षालाही विचारायचे, नाहीतर उपयोग नाही.

आणि एक छोटं होमवर्क. आज रात्री जेवताना आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा, ‘२००४मध्ये तुम्ही कुणाला मत दिलं होतं?’ असं नको, ते सांगणार नाहीत. विचारा, ‘तेव्हा आपल्या घरी काय चाललं होतं?’ कुणाची नोकरी गेली असेल, कुणाला नवी लागली असेल, कुणी पहिला मोबाइल घेतला असेल, कुणी विहीर आटली म्हणून गाव सोडलं असेल. त्या उन्हाळ्यात टीव्हीवर झळकलेल्या जाहिरातींत यातलं काहीच नव्हतं. मत मात्र त्यावरच पडलं.